माथ्यावरचे बेट : माथेरानचे संवर्धन आणि त्याचे ओझे

भूगोलाच्या व्याख्येत बेट म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग. परंतु परिसंस्थांचा अभ्यास करणारे शास्त्र या संज्ञेचा वापर अधिक व्यापक अर्थाने करते, आणि ज्या अधिवासाभोवती त्यातील सजीवांना राहण्यास प्रतिकूल असा प्रदेश पसरलेला असतो, तो अधिवास समुद्रापासून कितीही दूर असला तरी त्याला बेट मानते. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार एखाद्या बेटावर किती जाती टिकतील हे दोन गोष्टींवर ठरते : बाहेरून नव्या जाती येण्याचा वेग आणि असलेल्या जाती नष्ट होण्याचा वेग. बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितके तेथील जीवन कमकुवत पायावर उभे असते, कारण जे नाहीसे होते त्याची भरपाई बाहेरून सहजासहजी होत नाही. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील माथेरान हे या अर्थाने एक बेट आहे. तेथे माणसांचीही एक छोटी वस्ती असल्यामुळे, २०११ च्या जनगणनेनुसार ४,३९३ लोकांची, निसर्ग राखणे आणि माणसांनी जगणे या दोन गरजांची गाठ तेथे जितकी घट्ट बसली आहे तितकी महाराष्ट्रात क्वचितच अन्यत्र आढळते.

माथेरानचा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेचा भाग नाही. पूर्वेला उल्हास नदीचे खोरे त्याला भीमाशंकर आणि राजमाचीच्या कड्यांपासून तोडते, पश्चिमेला पनवेलचा सखल प्रदेश पसरतो, आणि दक्षिणेकडे प्रबळ व इर्शाळ ही त्याच डोंगररांगेतील शिखरे पनवेल आणि खालापूर तालुक्यांत उतरतात. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर असलेला त्याचा माथा अवघा सात चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. डोंगराचे अंग काळ्या बेसाल्टचे असले तरी माथ्यावर जांभ्याचा थर आहे. भरपूर पावसाच्या उष्ण प्रदेशात मूळ खडकातील विद्राव्य द्रव्ये लाखो वर्षे धुपून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरतात. त्यांपासून बनलेला हा तांबडा, सच्छिद्र खडक म्हणजे जांभा. तो पावसाचे पाणी मुरवून घेतो, आणि ते पाणी खालच्या अभेद्य बेसाल्टला येऊन थबकले की कड्यांलगत झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. मॅलेट स्प्रिंग हा असाच एक झरा. या जांभ्यावरची माती मात्र पातळ आणि सैल असते, तिला धरून ठेवणारी झाडांची मुळे उघडी पडली की एकेका पावसाळ्यात ती वाहून जाते, आणि माती गेली की तिच्यावर उभे असलेले जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे दाट सदाहरित वनही धोक्यात येते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली शेकरू ही मोठी खार जमिनीवर फारशी न उतरता एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात जगते; तिच्यासाठी सलग वनछत्र हाच रस्ता असतो, आणि उल्हासच्या खोऱ्यातील भातशेती व वस्ती ओलांडून भीमाशंकरची शेकरू माथेरानला येऊ शकत नाही. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी अलीकडे केलेल्या दीर्घ पाहणीत फुलपाखरांच्या सुमारे १४० जाती या एवढ्याशा माथ्यावर नोंदवल्या गेल्या, आणि तशी पद्धतशीर पाहणी त्याआधी सव्वाशे वर्षे झालेली नव्हती. ज्या ठिकाणाला दर वर्षी लाखो माणसे भेट देतात त्याच्या निसर्गाची मोजदाद इतकी विरळ असावी, ही बाब गंभीरपणे घ्यावी अशीच आहे.

माथ्यावरील आजच्या वस्तीचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट १८५० मध्ये येथे चढून आले, त्यानंतर मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या जागेला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले, आणि मुंबईतील इंग्रज अधिकारी, पारशी व बोहरा व्यापारी यांनी सरकारी भाडेपट्ट्याने मोठमोठे भूखंड घेऊन बंगले बांधले. त्यांची चाकरी करण्यासाठी, ओझी वाहण्यासाठी, घोडे पाळण्यासाठी आणि दुकाने चालवण्यासाठी आलेली माणसे बाजारपेठेच्या दाटीत स्थायिक झाली. जमिनीची ही वाटणी पुढच्या सर्व वादांच्या मुळाशी आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही : ज्यांच्याकडे विस्तीर्ण, झाडांनी भरलेले भूखंड होते ते वर्षातून काही आठवडे येत, आणि जे बाराही महिने राहत त्यांच्या वाट्याला वाढत्या कुटुंबासाठी एक खोली वाढवायलाही जागा नव्हती. या बाजारपेठेच्या समाजातूनच हुतात्मा भाई कोटवाल पुढे आले. १९१२ मध्ये माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोटवाल वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, पायथ्याच्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठार सुरू केले, आणि छोडो भारत आंदोलनात विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे नेतृत्व करताना २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. माथा आणि पायथा हे एकाच समाजाचे दोन भाग आहेत ही जाणीव त्यांच्या कार्यात स्पष्ट दिसते. नंतरच्या नियोजनात ती क्षीण झाली.

सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली बांधलेली नेरळ-माथेरान रेल्वे मार्च १९०७ मध्ये सुरू झाली. सुमारे वीस किलोमीटरचा, दोन फूट रुंदीचा हा मार्ग जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज या स्थानकांवरून वळणे घेत चढतो. काही ठिकाणी वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची गाठावी लागते, आणि इतका तीव्र चढ दातेरी रुळांशिवाय चढणारे मार्ग थोडेच आहेत. डोंगर फारसा न फोडता त्याच्या अंगाशी जुळवून घेत माणसे वर नेणारी ही सोय विकास आणि संवर्धन यांच्या मेळाचे देशातील उत्तम जुन्या उदाहरणांपैकी एक आहे. मात्र तीही निसर्गाच्या तडाख्यातून सुटलेली नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि दुरुस्तीला जवळपास दोन वर्षे लागली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मोठी हानी केल्यावर नेरळपासून माथेरानपर्यंतची सलग सेवा ऑक्टोबर २०२२ मध्येच पूर्ववत झाली. या मधल्या वर्षांत पर्यटकांचा जवळजवळ सारा भार नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत येणाऱ्या घाटरस्त्यावर पडला.

या नाक्यावर मोटार थांबते. त्यापुढे मोटारवाहनांना बंदी आहे, आणि दीर्घकाळ अपवाद होता तो फक्त रुग्णवाहिका आणि अग्निशमन वाहनाचा. बाजारपेठ तेथून सुमारे अडीच-तीन किलोमीटर आत, म्हणजे गॅसच्या टाक्या, भाजी, सिमेंट, औषधे, पर्यटकांच्या बॅगा आणि कित्येकदा पर्यटकही हे सारे घोड्यावरून, हातगाडीवरून, डोक्यावरून किंवा हातरिक्षातून न्यावे लागत आले आहे. हातरिक्षा एक माणूस पुढून ओढतो आणि चढावर दोघे मागून ढकलतात. माथेरानच्या हवेत धूर नाही आणि रस्त्यावर भोंगा नाही याचे श्रेय वाहनबंदीला दिले जाते आणि ते रास्तच आहे. परंतु बंदीमुळे ओझे नाहीसे होत नाही, ते इंजिनावरून उतरून माणसाच्या खांद्यावर आणि घोड्याच्या पाठीवर जाते. संवर्धनाचा खर्च नेमका कोण भरतो हा प्रश्न माथेरानमध्ये इतका उघडपणे समोर येतो, म्हणूनच या छोट्या गावाचा अनुभव मोठ्या चर्चेला उपयोगी पडणारा आहे.

केंद्र सरकारच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने ४ फेब्रुवारी २००३ रोजी १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. अशा क्षेत्रात माणसांनी राहण्यास वा व्यवसाय करण्यास मनाई नसते, आणि राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य यांच्यापासून ते याच बाबतीत वेगळे असते. मात्र कोणते व्यवहार चालतील, कोणते नियंत्रित राहतील आणि कोणते पूर्ण बंद होतील हे ठरवून द्यावे लागते. खाणकाम, वृक्षतोड, तीव्र उतारावरील बांधकाम आणि प्लॅस्टिकचा वापर यांवर या अधिसूचनेने निर्बंध आणले, नैसर्गिक आणि मानवनिर्मित वारसास्थळांची नोंद करण्यास सांगितले, जमिनीचा वापर ठरवणारा एक विभागीय बृहत् आराखडा राज्य सरकारने तयार करावा असे बंधन घातले, आणि देखरेखीसाठी सनियंत्रण समितीची तरतूद केली. या निर्बंधांची गरज होती यात शंका नाही. मुंबई आणि नवी मुंबईच्या इतक्या जवळ असलेला डोंगर निर्बंधांशिवाय राहिला असता तर काय झाले असते याची कल्पना कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या फार्महाउस आणि गृहसंकुलांवरून येते. पण निर्बंध लगेच लागू होतात आणि आराखडा तयार व्हायला वर्षे लागतात. या दरम्यानच्या काळात नियमित परवानगीचा मार्ग अस्पष्ट राहिल्याने गरजेची आणि लोभाची अशी दोन्ही प्रकारची अनधिकृत बांधकामे वाढत गेली, आणि कारवाईची वेळ आली तेव्हा दोन्हींना एकाच मापाने मोजले गेले.

ओझ्याच्या प्रश्नाला वाचा हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेने फोडली. बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षाला परवानगी मिळावी, कारण माणसाने माणसाला ओढून नेणे प्रतिष्ठेला बाधक आहे, ही त्यांची मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना अनुमती दिली, आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला सात ई-रिक्षांसह तीन महिन्यांचा प्रयोग सुरू झाला. शाळेसाठी रोज पायपीट करणारी मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांना त्याचा मोठा दिलासा मिळाला. तरीही विरोध झाला, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. चारशेहून अधिक परवानाधारक घोड्यांवर अवलंबून असलेल्या अश्वपालकांना आपला व्यवसाय बुडण्याची भीती होती, तर पर्यावरणवाद्यांना अशी शंका होती की एकदा चाक आत आले की त्यामागून रस्ता रुंद होईल आणि मग मोटारही येईल. न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या वीसपुरती मर्यादित ठेवली आणि एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले की या रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्यायच्या आहेत, कारण रोजगार जाणार आहे तो त्यांचा.

तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेला आदेश आणखी पुढे जातो. आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या प्रकरणात १९८० मध्येच न्यायालयाने या प्रथेविषयी भूमिका घेतली असताना पंचेचाळीस वर्षांनंतरही ती चालू असावी याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त करून पीठाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचे निर्देश दिले. राज्य सरकारने ई-रिक्षा स्वतः विकत घेऊन त्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात, गुजरातमधील केवडियाचा नमुना त्यासाठी पाहावा, आणि पैसे नाहीत ही सबब पुढे करू नये, असेही आदेशात म्हटले आहे. ज्यांचा प्रश्न होता अशा परवानाधारक हातरिक्षाचालकांची संख्या फक्त ९४ होती. मोठ्या राज्याच्या अंदाजपत्रकात ही गरज नगण्य ठरावी इतकी लहान, आणि तरी ती भागवायला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागले. लहान वस्त्यांची ही अडचण सर्वत्र दिसते : त्यांची मतसंख्या थोडी असते, त्यांच्यासाठी केलेले नियम दूर कोठेतरी ठरतात, आणि त्या नियमांतील त्रुटी भोगणाऱ्यांचा आवाज सहज वर पोहोचत नाही.

याच आदेशात रस्त्यावरील पेव्हर ब्लॉकचाही निकाल आहे. सिमेंटच्या किंवा मातीच्या ठोकळ्यांनी रस्ता फरसबंद केला तर खुरांखाली व पावलांखाली माती सुटत नाही आणि ई-रिक्षाही चढू शकते. परंतु ठोकळ्यांखाली काँक्रीटचा थर घातला तर पाणी मुरणे थांबते, ते वेगाने कडेला धावते आणि रस्ता वाचवताना शेजारचे जंगल उघडे पडते. घोडे गुळगुळीत ठोकळ्यांवरून घसरतात अशी अश्वपालकांची तक्रार होतीच. न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेतील शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ठोकळे मान्य केले, त्यांखाली काँक्रीट नको असे बजावले, आणि आतल्या पायवाटा व पॉइंटांकडे जाणारे मार्ग मातीचेच ठेवण्यास सांगितले. जांभ्याच्या स्वभावाला धरून असलेला हा निर्णय आहे. माथेरानचे झरे पाणी मुरण्यावर जगतात, आणि येथील प्रत्येक बांधकामाची पहिली कसोटी त्याखाली पाणी मुरते की नाही हीच असायला हवी.

पाण्याचा हिशेब पाहिला तर हे बेट किती परावलंबी आहे ते कळते. पिसरनाथाच्या मंदिराशेजारचा शार्लोट लेक हा माथ्यावरचा मुख्य साठा, पण पर्यटनाचा हंगाम आणि पाण्याचा तुटवडा एकाच वेळी, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत येतो. म्हणून पायथ्याशी नेरळजवळ उल्हास नदीतून पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने वर चढवले जाते. उल्हासचे उन्हाळी पाणीही बरेचसे उसने आहे : मावळातील ठोकरवाडी धरणाचे पाणी डोंगरातून भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रात उतरते आणि वीज निर्माण करून या नदीला मिळते. भीमेच्या खोऱ्यातले पाणी अशा रीतीने घाट उतरून येते आणि पंपाने पुन्हा आठशे मीटर चढते, आणि त्याच्या प्रत्येक बादलीला विजेची किंमत असते. कचऱ्याचा प्रवास उलट्या दिशेचा. वर आलेली प्रत्येक बाटली आणि वेष्टन खाली न्यावे लागते, आणि तेही त्याच वाटेने. उपाहारगृहांच्या ओल्या कचऱ्यासाठी भाभा अणु संशोधन केंद्राने विकसित केलेले निसर्गऋण तंत्र माथेरानमध्ये वापरले गेले. त्यात कचरा प्रथम उष्ण, हवेशीर टाकीत जिवाणूंकडून फोडला जातो आणि नंतर हवाबंद टाकीत कुजवून जैववायू व खत मिळवले जाते. ज्या ठिकाणी काहीच फेकून देता येत नाही तेथे अशी तंत्रे आधी रुजतात, हा बेटांचा एक गुण आहे.

समुद्रातील खऱ्या बेटांनीही याच प्रश्नांना तोंड दिले आहे. इंग्लिश खाडीतील सार्क या सुमारे पाचशे-सहाशे वस्तीच्या बेटावर मोटारींना बंदी आहे, परंतु माल वाहण्यासाठी ट्रॅक्टरला मुभा आहे आणि प्रवासासाठी घोडागाडी व सायकल चालते. ग्रीसमधील हायड्रा बेटावर खेचरे आणि गाढवे माल वाहतात, पण कचरा वाहून नेण्यासाठी मोटार ठेवलेली आहे. दोन्ही ठिकाणी बंदीचा मुख्य हेतू कायम ठेवून, जे काम माणसाच्या श्रमावर लादणे योग्य नाही तेवढ्यापुरता अपवाद मोजून मापून केलेला दिसतो. माथेरानने हा शहाणपणा उशिरा स्वीकारला. मार्च २०२५ मध्ये स्थानिकांनी गाव बंद ठेवले होते, आणि त्याचे कारण दस्तुरी नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल करून त्यांना अवाच्या सवा पैशांत घोडे व हमाल घ्यायला लावणे हे होते. रेल्वेची वेळ, ई-रिक्षाची सोय आणि चालत जाण्याची वाट यांची खरी माहिती देणारी व्यवस्था नसेल तर वाहनबंदी लुबाडणुकीचे साधन बनते, आणि मग लोकांचा रोष बंदीवरच निघतो. रोपवेचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे. तो आला तर वर येणाऱ्यांची संख्या वाढेल, पण सात चौरस किलोमीटर वाढणार नाहीत. एखादे क्षेत्र स्वतःची हानी न होता किती माणसे, किती पाणीवापर आणि किती कचरा पेलू शकते याला धारणक्षमता म्हणतात. माथेरानची धारणक्षमता ठरवल्यावाचून प्रवासाची नवी साधने मंजूर करणे योग्य होणार नाही.

या बेटाला किनारा आहे तो त्याच्या उतारांचा, आणि तेथे ठाकूर, कातकरी आणि धनगर समाजाच्या वाड्या आहेत. त्यांतील माणसे रोज पायवाटेने चढून हॉटेलांत कामाला जातात, जांभळे, करवंदे आणि रानभाज्या विकतात, आणि संध्याकाळी परत उतरतात. संवेदनशील क्षेत्राची सीमा या उतारांना कवेत घेते, म्हणजे निर्बंध त्यांनाही लागू आहेत, मात्र पर्यटनाच्या उत्पन्नातील त्यांचा वाटा मजुरीपुरताच राहिला आहे. उताराची सुरक्षितता हा त्यांच्यासाठी जिवाचा प्रश्न आहे. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी वसलेल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. त्याच डोंगररांगेचे पाणी धावरी नदीतून खालापुरातील मोरबे धरणात साठते आणि नवी मुंबईच्या घराघरांत पोहोचते. डोंगरावरचे जंगल टिकले तर धरणात गाळ कमी येतो, झरे चालू राहतात आणि उतार धरून राहतात; याचा लाभ लाखो शहरवासीयांना होतो, पण त्यासाठी वृक्षतोड न करणे, खाण न काढणे आणि रस्त्यावाचून राहणे हा त्याग वाडीतल्या माणसांनी करायचा असतो.

पाणी घेणाऱ्या शहराने पाणलोटातील वस्त्यांना त्यांच्या राखणीचा मोबदला नियमित द्यावा, आणि त्यातून दरडीची पाहणी, सुरक्षित जागी घरे, शाळा व दवाखान्यापर्यंतची वाट आणि वनोपजाला बाजार या सोयी उभ्या राहाव्यात, ही मागणी म्हणूनच उपकाराची ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, हातरिक्षाचालकांना देऊन उरलेल्या ई-रिक्षा परिसरातील आदिवासी महिलांना व इतर गरजूंना देण्याचा विचार व्हावा, असेही नमूद आहे. एका छोट्या तरतुदीतून डोंगराच्या राखणदारांना प्रथमच माथ्यावरच्या व्यवसायात मजुरीपलीकडचे स्थान देऊ केले गेले आहे. ती प्रत्यक्षात आणायची तर वाड्यांतील महिलांना प्रशिक्षण, परवाना आणि भाडेकराराची साधी अट मिळायला हवी, आणि सनियंत्रण समितीत वाड्यांचा प्रतिनिधी बसायला हवा, म्हणजे पुढचा आराखडा आखताना पायवाटेने चढून येणाऱ्याचीही बाजू नकाशावर उमटेल.